सुई नवी, मतही नवं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भैयालालजी, प्रमुख पाहुणे आदरणीय दुलीचंदजी, जिच्यासाठी आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून वेळेवर, म्हणजे फक्त पाऊण तास उशिरा, आलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती ललिताताई गजभिये, दवाखान्यातले डॉक्टर, सिस्टर आणि सर्व कर्मचारी, आमच्या वैनगंगा मराठी स्नेही मंडळाचे सभासद, आणि लामता, बैहर, बिरसा इथून धूळ खात आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणां सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

मी तेजराम भोयर. मध्य प्रदेशातल्या आपल्या या बालाघाटात आयुष्यभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं, तेही हिंदीत. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि रागात दोन्ही. त्यामुळे बोलता बोलता गाडी या रुळावरून त्या रुळावर गेली तर सांभाळून घ्यावं. सूत्रसंचालन करणाऱ्या दीप्तीताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मागच्या रांगेतले माझे जुने विद्यार्थी आत्ताच हसले. हसू नका. माझा तास कधी लांबला असेल तर तो न्यूटनमुळे लांबला, माझ्यामुळे नाही.

माझ्याआधी दोन थोर भाषणं झाली. अध्यक्षांना बैहरला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून अध्यक्षीय भाषण आधीच उरकलं. ते अजून बसले आहेत ही आमच्यावरची कृपा, आणि मागून येणारा वांग्याच्या भाजीचा वासही त्याला कारण असेल. तर भैयालालजी म्हणाले, "ललिताबाई विचारांनी पक्क्या दुलीचंदजींच्या पार्टीच्या, पण हात फार हलका." त्यानंतर दुलीचंदजी उठले. त्यांचा चेहरा मी पाहत होतो. ते म्हणाले, "अहो, काय सांगता! त्या तर तुमच्या पार्टीच्या. दर वेळी माझ्याशी भांडतात." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोघांनी ताईंकडे पाहिलं, आणि ताई हारातलं फूल न् फूल मोजल्यासारखं निरखत बसल्या.

सभ्य स्त्री-पुरुषहो, यातलं खरं काय? ललिताताई कोणाच्या पार्टीच्या? हा प्रश्न या व्यासपीठावर आज उभा राहिलाच आहे, तर त्याचं उत्तर देणं विज्ञानाच्या शिक्षकाचं कर्तव्य आहे.

ज्यांनी कधी ताईंकडून रक्त काढून घेतलं नाही असे निरोगी लोक इथे कमी असतील, तरी त्यांच्यासाठी सांगतो. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, चिंचेच्या झाडाकडे उघडणारी खिडकी असलेली ती खोली. आत गेलं की ताई बाही वर करायला लावतात, पट्टा बांधतात, आणि सुई उचलण्याआधी एक मत देतात. न मागता. कुठल्याही विषयावर. राजकारण, सिनेमा, चंद्र, सून, वांगं, काहीही. आणि ते मत असं असतं की समोरच्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझंच ऐका. मी पहिल्यांदा साखर तपासायला गेलो तेव्हा आपलं यान चंद्रावर उतरून चार दिवस झाले होते. मी छाती काढून फिरत होतो, जणू मीच उतरवलं. ताईंनी पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "सर, त्या चंद्रावर काय हाये? दगड! दगड पाहाले येवढ्या दूर काहून जा लागते? आपल्या भरवेलीच्या खाणीत काय कमी दगड हायेत?"

आता सांगा, भौतिकशास्त्राच्या माणसानं हे ऐकून घ्यावं? मी म्हटलं, "अहो ताई, प्रश्न दगडाचा नाही!" आणि सुरू झालो. गुरुत्वाकर्षण झालं, कक्षा झाली, दक्षिण ध्रुवावरचं पाणी झालं. उजव्या हातानं मी हवेत यान उतरवत होतो. यान अलगद उतरलं तेव्हा ताई म्हणाल्या, "झालं सर, कापूस दाबून धरा." मी विचारलं, "काय झालं?" माझं रक्त काढून, नळीवर नाव लिहून झालं होतं.

लामत्याचे आमचे चैतरामभाऊ पहिल्याच रांगेत आहेत. एकट्यानं रानडुक्कर हाकलणारा माणूस, पण सुई दिसली की डोळे फिरवतो. तीनदा त्या खोलीच्या दारातून परत गेला. चौथ्यांदा ताईंनी त्याला बसवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, चिन्नोर चिन्नोर म्हनून उगाच माजवलं लोकायनं. राशनचा तांदूळ बरा."

ज्याच्या चार पिढ्यांनी चिन्नोर पिकवला, ज्याच्या घरी भात शिजला की गल्लीला कळतं, त्या माणसाला हे वाक्य! चैतरामभाऊ असा ओरडला की बाहेरचा चौकीदार आत आला. "राशनचा? बाई, तुमी कधी चिन्नोर खाल्ला तरी हाये का?" हात आपटत, मुठी वळत त्यानं ताईंना रोवण्यापासून झोडणीपर्यंत सगळं ऐकवलं. रक्त गेलेलं त्याला घरी गेल्यावर कापूस दिसला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी पाच किलो चिन्नोर घेऊन ताईंच्या दारात हजर. "खाऊन पाहा, अन् मंग बोला." ताईंनी खाल्ला, आणि बोलल्या, "बरा हाये." फक्त बरा! भाऊ, अजूनही राग गेलेला दिसत नाही तुमचा.

तरण्या पोरांना त्या म्हणत, आजकालच्या सिनेमात हिरोपेक्षा व्हिलनच चांगला दिसते. म्हाताऱ्यांना म्हणत, जुन्या गाण्यात होतं काय, सारे रडतच तर होते. रील बनवणाऱ्या पोरीला म्हणत, इतकं नाचण्यापेक्षा अंगण झाडलं असतं तर चार घरची अंगणं झाली असती. माझं स्वतःचं मत विचाराल तर रीलच्या बाबतीत त्या बरोबर आहेत, आणि लग्नातल्या डीजेवर त्या काही बोलल्या नाहीत ही त्यांची चूक. पण माझं मत इथे कोणी विचारलेलं नाही. दीप्तीताई, घड्याळ दाखवू नका, मुद्द्यावर येतोच आहे.

एकदा मी रांगेत होतो. माझ्या पुढच्या आजोबांना ताई म्हणाल्या, जुनी गाणी रडकी. त्यांच्या मागच्या पोराला म्हणाल्या, गाणी पाहावी तर जुनी, नव्यात नुसता धिंगाणा. मी माझी बाही वर करता करता विचारलं, "ताई, तुमचं नक्की मत काय?" त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, सुई अन् मत, दर पेशंटले नवीन. याची त्याले लावाची नाही."

आणि मग मला त्यांनी ते शास्त्र समजावून सांगितलं. भ्यायलेल्या माणसाचा हात गार पडतो, नस आत दडून बसते. गोड बोललं तर तो आणखी सुईकडेच पाहतो. पण त्याच्या जिवाभावाच्या गोष्टीला नाव ठेवा. माणूस भीती विसरतो, अंगात ऊब येते, मूठ आपोआप वळते, नस आपल्या पायानं वर येते. "लोकायले भांडन पायजे राह्यते सर. मी फुकटात देतो." आमच्याकडे बाया पण कधी कधी 'देतो' म्हणतात, नागपूरच्या पाहुण्यांनी चमकू नये.

तर भैयालालजी, दुलीचंदजी, उत्तर मिळालं का? ताईंनी तुमच्याशी कधी राजकारण केलंच नाही. तुमच्या नसा शोधल्या. मतदान त्या कोणाला करतात हे त्यांच्या यजमानांनाही शेवटपर्यंत कळलं नाही, असं त्याच सांगतात.

आता थोडं घरचं बोलतो. माझी मुलगी अपेक्षा तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे बोलण्याआधी तिची परवानगी घेतली आहे. तिनं ती एका अटीवर दिली, की बाबा, रडायचं नाही. अपेक्षाला सिकलसेल आहे. आपल्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, इतकी घरं आहेत. तपासण्या, गोळ्या, मध्येच दुखणं उठलं की भरती, कधी रक्त चढवणं. इतक्या वेळा टोचून घेतलेल्या हाताची नस सापडणं म्हणजे उन्हाळ्यात नाल्याला पाणी सापडण्यासारखं. सापडते, पण खणणारा हात ओळखीचा लागतो.

अपेक्षा सात वर्षांची असेल. आमच्याच नात्यातल्या एका लग्नात एका बाईनं तिच्यासमोर म्हटलं, "या आजाराच्या पोरी काही मोठ्या होत नाहीत." बोलणारी बोलून जिलेबी खायला गेली. पोर मात्र ते शब्द घरी घेऊन आली. पुढच्या तपासणीला खुर्चीत बसल्या बसल्या ती ताईंना म्हणाली, "मावशी, मी मोठी होणार नाही म्हणे."

मी दारात उभा होतो. वर्गात चाळीस पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा मी ताईंकडे पाहू लागलो. ताईंनी पट्टा बांधला आणि नेहमीच्या भांडखोर सुरात म्हणाल्या, "काहून नाही होनार? मोठी होशीन, म्हातारी होशीन, तोंडातले दात पडतीन, अन् सुनेसंग असं भांडशीन का सारा मोहल्ला पाहाले येईन!"

अपेक्षा चिडली. "मी नाही भांडणार सुनेशी!" ताई म्हणाल्या, "भांडशीन. नाक सांगून राह्यलं तुयं." त्या दिवसापासून दर वेळी हेच भांडण. सून कशी असेल, पोळ्या कोण करेल, कोण कोणाला घराबाहेर काढेल. पोर खुर्चीत बसायची ती सुनेची बाजू घेऊनच. आणि नळी भरायची.

तुम्ही हसता आहात, मीही हसायचो. पण हसता हसता माझ्या मनात एक काटा होता, तो आज सांगतो. पुढे, चंद्राच्या त्या भांडणानंतर, मला ताईंची रीत ठाऊक झाली. समोरचा जे म्हणेल त्याच्या उलट बोलायचं. मग माझी मुलगी म्हणाली 'मी मोठी होणार नाही', आणि ताई म्हणाल्या 'होशील', हेही तसंच होतं का? चंद्रावरच्या दगडासारखं? राशनच्या तांदळासारखं? नस वर यावी म्हणून फेकलेलं एक मत? डॉक्टर लोक धीर देत, औषधं आता चांगली आहेत म्हणत, आणि ते खरंही आहे. पण बापाचं मन आकडेवारीनं भरत नाही. इतकी हजारो माणसं हाताखालून गेलेल्या या बाईला माझ्या मुलीबद्दल खरंच काय वाटतं, हे मला ऐकायचं होतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. त्या "सुईसाठी म्हनलं होतं सर" असं म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं?

दिवस गेले, अपेक्षा बी.एस्सी. झाली, आणि ताईंच्या निवृत्तीची तारीख आली. परवा त्या लेकीकडे भंडाऱ्याला चालल्या आहेत. त्यांच्या जागी संघमित्रा मॅडम आल्या आहेत. बिरशाच्या, हुशार, कामात चोख, स्वभावानं इतक्या गोड की कोणाचंही म्हणणं खोडत नाहीत. "जी, बिलकुल," हा त्यांचा आवडता शब्द. मॅडम, तुम्ही लाजू नका, हे तुमचीच परवानगी घेऊन सांगतो.

मॅडमनी ठरवलं, ताईंची विद्या शिकायची. आठवडाभर कोपऱ्यात उभ्या राहून त्यांनी ताईंची सगळी मतं पाठ केली. कविता पाठ करतात तशी. मग एक दिवस ताई म्हणाल्या, आता तू घे. आणि खुर्चीत येऊन बसले आपले दुलीचंदजी. मॅडमनी पट्टा बांधला, घसा साफ केला, आणि ताईंनी आदल्या दिवशी भैयालालजींना ऐकवलेलं मत जसंच्या तसं म्हटलं: "इस बार तो दुलीचंदजी की पार्टी ही आएगी."

दुलीचंदजी खूश! असे खूश की अंग सैल सोडून खुर्चीत पसरले. "वा बेटी, वा!" हात मऊ लोण्यासारखा झाला, मूठ सुटली, नस जी गेली ती गेलीच. या हातात सापडेना, त्या हातात सापडेना. शेवटी दोन्ही हातांवर कापूस दाबून दुलीचंदजी बाहेर आले आणि सगळ्यांना सांगत सुटले, पोरगी फार समजदार आहे!

मंगळवारी अपेक्षाची तपासणी होती. मी ताईंच्या हातापाया पडायचा तेवढा राहिलो होतो, म्हटलं, जाता जाता एवढी एक वेळ तुम्हीच घ्या. ताई म्हणाल्या, "नाही सर. आज मी घेतलं तर पुढच्या बारीले कोन घेईन?" आणि सरळ बाहेर बाकावर येऊन बसल्या. मी दारात उभा. आत संघमित्रा मॅडम, समोर माझी मुलगी. मॅडमचा हात थरथरत होता. अपेक्षाचा हात गार. एकदा टोचलं, नाही. दुसऱ्यांदा टोचलं, नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी, सॉरी दीदी." मी ताईंकडे वळून पाहिलं. त्या चिंचेच्या झाडाकडे पाहत बसल्या होत्या.

तेवढ्यात अपेक्षाचा आवाज आला. सहज, गप्पा मारल्यासारखा. "मॅडम, मघाशी आपके डिब्बे में अचार देखा. बाजार का लगता है."

आणि मग ज्या बाईनं बालाघाटात आल्यापासून कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं, ती कडाडली. "बाजार का? मेरी मम्मी ने डाला है! हमारे आंगन के आम हैं!" अपेक्षा म्हणाली, "तेल तो दुकानवाला ही दिखता है." "क्या बात करती हो दीदी! घानी का तेल है, बिरसा की घानी का!" दोघींची अशी जुंपली की काय सांगू. अपेक्षाही तापली, तिला आपल्या आजीचं लोणचं आठवलं. आणि त्या भांडणात मॅडमचा हात थरथरायचा कधी थांबला, नस कधी आली, नळी कधी भरली, माझ्यासकट कोणाला कळलं नाही. ताईंनी पेशंटला भांडायला शिकवलं होतं. पेशंटनं ते पुढच्या मॅडमला शिकवलं. आता आमच्या घरी बिरशाच्या लोणच्याची बरणी आली आहे. छान आहे. मॅडमना हे सांगू नका, अजून बऱ्याच तपासण्या आहेत.

आतलं भांडण ऐकत मी बाकावर ताईंच्या शेजारी बसलो. सगळं नीट झालं होतं, तरी माझ्या तोंडून निघालंच, "ताई, तुम्ही जाल. पुढे कसं व्हायचं हिचं?"

ताई म्हणाल्या, "कसं व्हाचं म्हंजे? नोकरी लागन, मोठी होईन, म्हातारी होईन, सुनेसंग भांडन. मी तवाच नाही सांगतलं काय तुमाले?"

मग मनातला तो काटा बाहेर आलाच. मी म्हटलं, "ताई, ते तर तुम्ही सुईसाठी म्हटलं होतं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. पदराखालचे दोन्ही हात बाहेर काढले, माझ्यासमोर उघडे धरले, आणि म्हणाल्या, "सर, आता सुई कुठं हाये?"

हात रिकामे होते.

अपेक्षा, अट मोडली. माफ कर.

ललिताताई, मंडळाच्या वतीनं शाल, श्रीफळ आणि चैतरामभाऊंच्या शेतातला चिन्नोर आपल्याला दिला आहे. भंडाऱ्याला गेल्यावर तरी तो चांगला म्हणा. व्यासपीठावरच्या मान्यवरांनी आपल्या नसांचं गुपित हसून सोसलं, दीप्तीताईंनी पाच मिनिटांचा हा तास चालवून घेतला, आणि आपण सर्वांनी भाजीचा वास येत असताना ऐकून घेतलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान कमी-जास्त झाला असेल, हिंदी-मराठीची खिचडी झाली असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्यावं. आणि ज्यांना माझं एकही मत पटलं नाही, त्यांनी माझ्याशी वाद घालू नये. उद्या सकाळी उपाशीपोटी, बाही वर करून, संघमित्रा मॅडमच्या खोलीत जाऊन भांडावं. जयभीम, नमस्कार.